घोडं मधे आलेला फोटो

आमच्या ह्यांना, म्हणजे उदयसिंहांना, दमट हवेची भीती वाटते. भिंगाला बुरशी लागेल. धुळीची वाटते, उन्हात उभ्या केलेल्या गाडीची वाटते आणि पाहुण्यांच्या पोरांनी कॅमेऱ्याकडे नुसता हात नेला तरी ह्यांचा चहा घशात अडकतो. लोणंदच्या कारखान्यात मोठाल्या मशीनच्या पोटात कोपरापर्यंत हात घालताना मात्र हेच गृहस्थ बिनघोर असतात. घरी आले की हवाबंद डबा उघडायचा, ओल शोषणाऱ्या पुड्या चाचपायच्या आणि एकेक कॅमेरा कानाशी धरून रिकामाच वाजवायचा. शटरचा आवाज बदललाय का, ते बघायला. माझा आवाज बदललेला त्यांना आठवडाभर कळत नाही.

फिल्म फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात, कोथिंबिरीशेजारी. उजेड मोजायचं यंत्र देवघराच्या खणात. बाथरूममध्ये साबणापेक्षा रसायनाच्या बाटल्या जास्त. माझ्या सासूबाई, राहीबाई, त्या बाटल्यांना ‘उदयची औषधं’ म्हणायच्या आणि स्वतः कॅमेरा दिसला की पदर तोंडावर ओढायच्या. गेल्या उन्हाळ्यात एकदा काय मनात आलं कोण जाणे, अंगणात बाजेवर बसल्या आणि म्हणाल्या, “काढ बाबा एकदाचा.” ह्यांनी नवी फिल्म भरून त्यांचे चारपाच फोटो काढले, मग इकडचेतिकडचे आणखी काही. ज्येष्ठात सासूबाई गेल्या.

ती फिल्म अजून कॅमेऱ्यातच होती. रीळ अर्धं शिल्लक आहे, ते संपल्याशिवाय धुवायचं नसतं, असं हे सांगायचे. कारण खरं होतं, पण पुरतं नव्हतं. धुताना काही चुकलं तर? आणि नाही चुकलं, तर आईचं नवं काही बघायचं उरणारच नाही. मी माणसांची खतावणी मनातल्या मनात ठेवते. ह्यांच्या पानावर ही रक्कम मी ‘भीती’ या सदरात लिहिली होती.

जमेच्या बाजूला एक गोष्ट मात्र ठळक. ज्याचा फोटो काढतील त्याला तो छापून स्वतः हातात नेऊन देतील. मोबाइलवर नाही, पोस्टाने नाही.

गेल्या थंडीत लोणंदजवळून मेंढरांचा कळप चालला होता. कळपाबरोबरच्या एका पोरीचा ह्यांनी फोटो काढला. तिचा बाप भाऊसो म्हणाला होता, “पावसाळ्यात घरला असतो आमी. वडूजच्या फुडं आमची वस्ती. कुणाला बी इचारा.” म्हणून श्रावणातल्या एका रविवारी आम्ही मोटारसायकलवर निघालो. ह्यांच्या गळ्यात सासूबाईंची फिल्म असलेला कॅमेरा. रीळ संपवायचं होतं ना.

फोटो झाला होता छानच. पोरीचा चेहरा लख्ख आणि मागचं सगळं दुधात कालवल्यासारखं. डोंगर, कळप, माणसं, सगळं पुसलेलं. या पुसण्यासाठी ह्यांनी एक खास भिंग मिळवलंय आणि त्याचं कौतुक आल्यागेल्याला ऐकावं लागतं. त्याच दिवशीचा आणखी एक फोटो होता. त्यात भाऊसो, त्याची बायको, पोरगी, कळप, सगळं स्वच्छ दिसत होतं, पण ऐन वेळी सामान लादलेलं घोडं मधे आलं होतं. ह्यांनी तो वाया गेलेल्यांत टाकला. मी तो उचलून पर्समध्ये घातला. त्या घरच्यांना घोडं चालेल, असा माझा हिशेब.

वडूज मागे पडलं. बाजरीची रानं, माळ, लांबलांब विखुरलेल्या वस्त्या. सगळ्या एकसारख्या. एका वस्तीच्या तोंडाशी सात-आठ वर्षांची एक मुलगी बादली घेऊन उभी होती. ह्यांनी गाडी थांबवली, डोक्यावरचं हेल्मेटही काढलं नाही, फोटो तिच्यापुढे धरला आणि शक्य तेवढ्या गोड आवाजात विचारलं, “बाळ, ही मुलगी कुठं राहते गं?”

बादली तिथंच टाकून पोरगी ओरडत पळाली.

“घाबरली वाटतं,” हे म्हणाले.

“अहो, चला इथनं,” मी म्हणाले. मला नेमकं काय खटकलं ते अजून कळलं नव्हतं.

गाडी चालू होईपर्यंत माणसं आली. पळत नाही, चालत. चालत येणारी माणसं जास्त वाईट. पुढे एक तरणा पोरगा होता, हातात काठी. बाकीचे त्याला मल्हार म्हणत होते. त्याने आधी गाडीची किल्ली काढून खिशात घातली, मग विचारलं, “कुठलं गाव?”

“लोणंद,” हे म्हणाले. “आम्ही हा फोटो द्यायला आलोय.”

मल्हारने फोटो घेतला, हातोहात फिरवला. “कुणाची पोरगी हाय ही?”

“इथलीच. भाऊसोंची.”

“कंचा भाऊसो? हितं दर वस्तीला एक भाऊसो हाय.”

“आमच्यात न्हाई असली पोरगी,” मागून कुणीतरी म्हणालं. “कुठनं उचलली रं हिला?”

एकाने मोबाइल ह्यांच्या नाकासमोर धरला. “बघा, ह्येच. जोडपं, मोटारसायकल, फोटू दावून पत्ता इचारत्यात आन् पोरं पळवत्यात. वाचा की!”

मी वाचलं. वाचायची गरज नव्हती. तोच मेसेज आठवड्यापूर्वी आमच्या घरच्या ग्रुपवर आला होता. ‘सावध राहा’ असं खाली जोडून टाकणारे उदयसिंह. ह्यांनीही तो ओळखला असणार, कारण हेल्मेटच्या आत चेहरा एकदम पिवळा पडला.

गर्दी वाढत होती. मी बघत होते, ह्यात कर्ता कोण. गर्दीत हात उगारणारा वेगळा असतो आणि ज्याच्या शब्दावर उगारलेला हात खाली येतो तो वेगळा. त्या दुसऱ्याला गाठलं की निम्मं काम होतं. मी एकेक चेहरा चाळला. असा कुणीच नव्हता. प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बघत होता.

“ह्यात काय काय काढलंय? दावा,” मल्हारने कॅमेऱ्याला बोट लावलं.

“ह्यात दिसत नाही.”

“कसं दिसत न्हाई?”

“जुना आहे. ह्याला पडदा नसतो.”

मल्हारने कॅमेरा ह्यांच्या गळ्यातून ओढून काढला आणि उलटा केला. पाठीवर एक चौकोनी खोबण असते. आत कोणती फिल्म आहे ते विसरू नये म्हणून तिच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून हे त्यात खोचतात.

“ह्ये बघा! पुठ्ठा लावून पडदा झाकलाय.”

त्याने पुठ्ठा उपसला. खाली काळं पत्र्याचं झाकण. त्याचा अंगठा झाकणाच्या कडेशी गेला आणि उदयसिंह ओरडले. लग्नाच्या इतक्या वर्षांत मी त्यांचं असं ओरडणं ऐकलं नव्हतं.

“उघडू नका! उघडू नका, सगळं जाईल!”

“काय जाईल?”

मला वाटलं, काहीही सांगा, लग्नाचे फोटो आहेत सांगा, देवाचे सांगा.

“माझी आई आहे त्यात,” हे म्हणाले.

कुणीतरी हसलं. “डबड्यात आई घालून हिंडतोय गड्या!” पण एक म्हातारे गृहस्थ हसले नाहीत, ते दोन पावलं मागे सरले. “करणीबिरणीचं असंल काय तर. पोरांस्नी आत न्या.” बायकांनी पोरं दारांआड ओढली, आणि त्या दारं लागण्याच्या आवाजाने मघाच्या हसण्याचा मागमूस राहिला नाही. मागून एक थप्पड ह्यांच्या हेल्मेटवर बसली. हेल्मेटवर थप्पड लागत नाही, पण आवाज फार मोठा येतो. त्या आवाजाने सगळ्यांचे हात मोकळे झाल्यासारखे वाटले.

“झाकण कसं उघडतंय? बोल!”

“अहो, सांगून टाका,” मी म्हणाले. “कळ वर ओढा म्हणावं. जाऊ दे.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. तसं बघणं मला कुठल्याच सदरात घालता आलेलं नाही.

“ती गोल कळ,” हे म्हणाले, “वर ओढा.”

खट्. झाकण उघडलं. श्रावणातलं ऊन ढगाबाहेर होतं आणि फिल्मची राखाडी पट्टी त्यात चमकली. आई वगैरे काहीच दिसत नव्हतं. मल्हार गोंधळून बघत राहिला आणि तेवढ्यात ह्यांनी मार खायची पर्वा न करता झडप घातली, झाकण दाबून बंद केलं, कॅमेरा पोटाशी धरला आणि रस्त्यातच खाली बसले.

“पळतोय काय? धरा रं!”

काठी वर गेली. खरंच वर गेली होती. आणि त्याच वेळी आमच्यातून एक शेळी गेली, गळ्यात तुटलेलं दावं लोंबवत. काठी तशीच वर राहिली, पण मल्हारची नजर शेळीबरोबर गेली. सगळ्यांचीच गेली.

“तानुबाईची सुटली व्हय रं?”

“तिचीच. शेपूट बघ की.”

“बाजरीत घुसंल, वळवा तिला!”

एक पोरगा शेळीमागे धावला आणि नजरा परत आमच्यावर आल्या. एवढ्या वेळात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही माणसं पोरीचा फोटो हातोहात फिरवून ओळखत नव्हती, पण शेळी शेपटावरून ओळखत होती. मी पर्समध्ये हात घातला.

“आवं, हात भाईर काढा!” कुणीतरी ओरडलं.

“फोटोच आहे,” मी म्हणाले आणि तो काठीच्याच समोर धरला. “पोरगी बघू नका. घोडं बघा. हे घोडं कुणाचं?”

“घोडं काय करायचंय?”

“बघा तर खरं.”

शेळीची मालकीण तानुबाई तिला शोधत तिथवर आली होती. म्हातारीने फोटो हातभर लांब धरला, मग नाकाला लावला. “ही घोडी भाऊसोची, वड्याच्या पल्याडची. कान फाटका बघ हिचा, कुत्र्यानं फाडल्याला. माझ्या म्होरंच फाडला.” मग तिने बोट खाली सरकवलं. “आन् ही त्याची समीक्षा न्हवं का? आन् ही तिची आय. काय रं मल्हार, काठी घिऊन काय हुबा ऱ्हायलास?”

“वळखू कशी यील? वरसातनं आट म्हैनं मेंढरांमागं असत्यात ती,” मल्हार म्हणाला. मग ह्यांच्या दुधात कालवलेल्या फोटोकडे बोट करून, “आन् ह्यात मागचं कायच दिसत न्हाई. कायतरी दिसाय पायजे का नगो?”

उदयसिंहांनी तेव्हा कुठे हेल्मेट काढलं.

फोन गेला. भाऊसो आला, पेट्रोलच्या टाकीवर समीक्षाला बसवून. एवढी गर्दी बघून पोरगी बापाच्या काखेत शिरली. भाऊसोने दुरूनच हाक मारली, “आवं लोणंदचं दादा, आलासा व्हय!” आणि गर्दीचं सगळं बळ निघून गेलं. मग बाज आली, चहा आला. “राग धरू नका, ताई. दिवसच तसलं हायती.” मेव्हण्याला आग्रह करावा तसा मल्हार ह्यांना बशीत चहा ओतून देत होता. मी माझी बशी तशीच खाली ठेवली.

“आता आमचा बी एक काढा,” मल्हार म्हणाला. “समद्यांचा.”

विनंती होती. पण किल्ली अजून त्याच्याच खिशात होती.

सगळे ओळीने उभे राहिले. कुणी टोपी नीट केली, कुणी केसांना पाणी लावलं. थप्पड कुणी मारली ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणजे तोही त्या ओळीत हसत उभा असणार. उजेड लागलेला भाग पुढे ढकलायला ह्यांनी आधी कळ नुसतीच दाबून फिल्म सरकवली, मग फोटो काढला. मल्हारने किल्ली दिली आणि फोन नंबरही घेतला, स्वतःचाही दिला. “फोटू कवा?”

“छापला की हातात आणून देईन,” उदयसिंह म्हणाले. सवयीने.

लोणंदला उतरल्यावर कळलं, मी ह्यांचा शर्ट मुठीत इतका घट्ट धरला होता की दोन गुंड्या तुटल्या होत्या.

पुढच्या रविवारी दुपारी दाराच्या फटीत माझी जुनी साडी कोंबून हे बाथरूममध्ये गेले. मी बाहेर बसून राहिले. आतून नळाचा आवाज, मग काहीच नाही, मग पुन्हा नळ. बाहेर आले आणि ओली पट्टी माझ्या हातात देऊन बाजूला झाले. मीच ती खिडकीशी धरली.

या कॅमेऱ्यात पहिले फोटो गुंडाळीच्या सगळ्यात आत जातात. ऊन बाहेरच्या वेढ्यांनी खाल्लं होतं. सासूबाई आत होत्या. कडेने जळल्यासारख्या, एका फोटोत तर निम्म्याच, पण बाजेवर बसलेल्या, पदर डोक्यावर, तोंडावर नाही. त्यांच्यानंतर पट्टी कुट्ट काळी, लांबच लांब. आणि ती संपते तिथे ओळीने माणसं उभी. उलट्या रंगात, काळे दात, पांढरे डोळे. मधोमध मल्हार. हातात काठी. हसताना ती त्याने खाली ठेवलीच नव्हती, हे मला तेव्हा दिसलं.

सासूबाईंचा फोटो छापून देवघराशेजारी लागला. वस्तीचाही छापला, चांगला मोठा, मागची घरं, बाजरी, शेळी, सगळं स्वच्छ दिसणारा. तो पाकिटात आहे. पाकीट हवाबंद डब्यात आहे. हल्ली तो डबा उघडला जात नाही.

काल जेवताना ह्यांचा मोबाइल वाजला. पडद्यावर नाव होतं, मल्हार. हे बघत राहिले, मीही. वाजून वाजून तो थांबला, मग मेसेज आला: ‘दादा, फोटू हातात आणून देनार म्हनलावता. कवा येताय?’

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ताटातली भाकरी मोडली.

“पोस्टाने पाठवा,” मी म्हणाले.

“पत्ता विचारावा लागेल,” हे म्हणाले आणि मोबाइल उलटा घालून ठेवला.