राखेचा मोजा

मोजा हलका लागला. फॅक्सनच्या मुलीचा, तान्हेपणीचा, पिवळ्या काठाचा तो पायमोजा. त्यात मोपानेच्या लाकडाची चाळलेली राख, आणि तो झटकला की वारा कोणीकडे वाहतो ते दिसे — माणसाचा वास हत्तीकडे जातो आहे की काय, एवढेच त्या चिमूटभर राखेने सांगायचे असे. फॅक्सनने तो पुन्हा झटकला. काहीच उडाले नाही.

सकाळी तर गच्च भरलेला होता... लुआंग्वा नदीच्या पात्रापासून या झाडीपर्यंत दीड तासाची चाल, तेवढ्यात आपण तो किती वेळा झटकला? वस्तुतः वाऱ्यासाठी फार थोड्या वेळा. छातीत मुंग्यांची रांग चढू लागली की तो झटकायचा, उडणाऱ्या राखेकडे पाहायचे, आणि तेवढ्यापुरता श्वास परत मिळवायचा — हा उपचार त्याने स्वतःच शोधला होता.

समोर, झाडीत, फांदी मोडली.

पुढे बंदूक घेतलेला म्हातारा लेव्हिसन, त्याच्यामागे फॅक्सन, मग चार परदेशी पाहुणे, सर्वांत शेवटी चहाची पेटी डोक्यावर घेतलेली एस्नाट. सगळे थांबले. गेल्या ऑक्टोबरातही असेच थांबले होते. आणि फॅक्सनने, त्या काळच्या निःशंक फॅक्सनने, ‘चला’ म्हटले होते, आणि वारा फिरला होता, आणि हत्तीण धावून आली, आणि लेव्हिसनला गोळी झाडावी लागली... पिल्लू मात्र तिच्या सोंडेपाशीच उभे राहिले, जणू ती आता उठेल —

“काय म्हणतो वारा?” लेव्हिसनने वळून न पाहता विचारले.

राख संपली, असे म्हणता आले असते. मी संपलो, असेही. तथापि त्यानंतर छातीवरचा वाटाड्याचा बिल्ला उतरवावा लागला असता. आणि न म्हणावे, तर हे सहा जिवंत जीव...

“तोंडावर येतोय,” तो म्हणाला.

हत्ती चरत राहिले. एकानेही सोंड उचलली नाही.

चिंचेखाली चहा झाला. “फॅक्सनदादा,” एस्नाट म्हणाली, “पाहुणे म्हणतात, तुम्ही झाडासारखे शांत! मी म्हटलं, झाडाला चहात चार चमचे साखर नाही हो लागत!” ती स्वतःच हसली आणि पाहुण्यांकडे गेली.

लेव्हिसन जवळ येऊन बसला. “आण तो मोजा.” त्याने तो तळहातावर तोलला. “केव्हापासून रिकामा?”

“हत्तींच्या आधीपासून, बांबो.” बापाच्या वयाच्या माणसाला तिकडे असेच म्हणत.

“वाटलंच. माझ्या तोंडावरचा घाम वाळत होता, म्हणून मी पुढे झालो. तुझ्या शब्दावर नाही.”

“माझ्या शब्दावर कधीपासून चालत नाही तुम्ही?”

“ऑक्टोबरपासून.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू बोलशील म्हणून थांबलो, पोरा.” त्याने आपल्या पिशवीतली निम्मी राख त्या मोज्यात ओतली आणि गाठ मारून दिली. “अजून थांबलोय.”

म्हणजे इतके महिने आपले भय आपण एकट्याने वाहिले, ही समजूतही खोटी! तेवढे एकच तर आपले स्वतःचे होते...

पाहुणे उठले. लेव्हिसन पुढे जाऊन उभा राहिला. या वेळी मात्र वळून, त्याच्याकडे पाहत. फॅक्सनने मोजा झटकला. वारा पडला होता. राख कोणत्याच दिशेला गेली नाही. हाताच्या कापऱ्यासरशी नागमोडी होत ती सरळ खाली, त्याच्याच बुटांवर उतरली, आणि ते सर्वांना दिसत होते. दुसऱ्या हाताने मनगट धरावे असे त्याच्या मनात आले. त्याने ते धरले नाही. तो राख पडू देत राहिला.