दिवा नंबर दोनशे सात

मित्रांनो, स्टोअररूममध्ये फुटक्या हेल्मेटांच्या ढिगामागे जो धुळकट संगणक दिसतो, तो मी. १९८८ साली मला बल्लारपूरजवळच्या एका कोळसा खाणीत आणलं. माझ्यासमोर नारळ फोडला, तेव्हा पाणी आत जाईल या धास्तीने सत्यशीलाबाईंनी मला पदराखाली झाकलं होतं.

सत्यशीलाबाई आरमोरीच्या. सी भाषेत प्रोग्राम लिहिणारं ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं. खाणीच्या तोंडाशी, जिथे कामगारांचे दिवे नंबरच्या खुंट्यांवर टांगलेले असत त्या लॅम्परूममध्ये, माझ्याहून जुना एक संगणक होता. दिवा घेऊन कामगार खाली गेला की त्यात नोंद व्हायची. दिवा परत आला की 'वर आला' अशी खूण पडायची. त्या नोंदींची फ्लॉपी माझ्याकडे येई आणि पाळी सुटली की मी यादी छापत असे. सगळे वर दिसले, तरच खाली सुरुंग उडवायचे.

आठ दिवस माझं भारी कौतुक झालं. नवव्या दिवशी दुपारी चारला मी यादी छापली. सगळे वर! पाळीवर देखरेख करणारे ओव्हरमन गुलाबराव सही करणार, तोच लॅम्परूमचे म्हातारे दादाजी धापा टाकत आले.

"थांबा साहेब! दोनशे सात नंबरचा, पोचूचा दिवा आला नाई. तो खालीच हाये."

"कागदावर तर वर दिसून राह्यला."

"कागदाचं मले नोका सांगू. खुंटी रिकामी हाये!"

सुरुंग थांबले. दोघेजण खाली गेले आणि पाय मुरगळून बसलेल्या पोचूला खांद्यावर घेऊन आले.

"हा डब्बा फेकून द्या," गुलाबराव ओरडले.

"डब्ब्याची चूक नाई साहेब, माही हाये," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

खरं तर चूक दोघांची होती, बाईंची आणि माझी. नोंद मी एकेका अक्षराच्या घरांत मांडतो; माझी सवय अशी, की मोठा आकडा दर चार घरांनंतरच्या हद्दीवरच सुरू करतो. आधी एकच अक्षर असेल, तर मधली तीन घरं रिकामी सोडतो. जुना संगणक एकच घर सोडायचा. नाव आणि दिव्याचा नंबर नोंदीच्या सुरुवातीला, म्हणून ते बरोबर येत. पुढची वर-खालीची खूण मात्र मी दोन घरं पलीकडे शोधत होतो. तिथे शून्य होतं, आणि शून्याचा अर्थ 'वर आला'. पाळी सुटल्यावर सगळे वर दिसणारच. म्हणून कोणाला संशय आला नाही.

बाईंनी चौकटीच्या कागदावर प्रत्येक घर रंगवून पाहिलं. नोंदीची मांडणी चार प्रोग्रामांत चार वेळा लिहिलेली निघाली, त्यात दोन ठिकाणी वेगळी. त्यांनी चारही पुसल्या. चारही प्रोग्राम जिथून मांडणी घेतील, अशी एकच हेडर फाईल केली. मोठे आकडे आधी, एकेकटी अक्षरं शेवटी, आणि उरलेल्या रिकाम्या घरांनाही नाव दिलं. दोन्ही संगणकांवर नोंद बत्तीस घरांचीच भरते का, ते तपासलं. मग त्या लॅम्परूममध्ये गेल्या.

"भाऊ, महिनाभर माही यादी अन् तुमच्या खुंट्या रोज ताडून पाहू."

"महिनाभरच काऊन, बाई?" दादाजी म्हणाले. "मी हाये तोवर पाहू."

आणि ते खरंच पाहत राहिले. एकदाही फरक निघाला नाही, तरी त्यांनी मोजणं सोडलं नाही. त्या हेडर फाईलच्या पहिल्या ओळीत बाईंनी लिहून ठेवलं: 'बदल इथेच करा. आधी खुंट्या मोजून या.'

पुढे बाईंची बदली झाली, माझ्या जागी नवा संगणक आला. मला कोणी पुसत नाही, त्याचं फार वाटत नाही. मित्रांनो, एवढंच मागतो: एकच गोष्ट चार ठिकाणी लिहिलेली दिसली, तर आळस करू नका, ती एका जागी आणा. आणि यादी कितीही स्वच्छ छापलेली असो, जो म्हातारा धापा टाकत 'थांबा' म्हणतो, त्याचं आधी ऐका.