तिरक्या टोपीचा खिळा

मित्रांनो, छापखान्यातला एक जुना खिळा तुमच्याशी बोलतो आहे. भिंतीत ठोकतात तो नव्हे हं! मी शिशाचा, कागदावर अक्षर उमटवणारा. माझ्या अंगावर इंग्रजी e आहे आणि त्याच्या डोक्यावर एक तिरकी रेघ. असा: é. आमच्या छापखान्यातले श्यामराव त्या रेघेला टोपी म्हणतात. मूर्ती लहान, पण ऐट बघा.

आम्ही वीस भावंडं आगबोटीने कलकत्त्याला आलो, ते थेट बहूबाजारात घोषबाबूंच्या छापखान्यात. तिथे खिळे जुळवायचं काम श्यामराव करत. त्यांचे वडील फोर्ट विल्यममध्ये कारकून होते, त्यामुळे श्यामरावांचा जन्म इथलाच. बंगाली अगदी फर्डं बोलत, पण रागावले की तोंडात मराठीच येई.

काम म्हणाल तर रग्गड! चंदननगरात तेव्हा फ्रेंचांचं राज्य होतं, त्यांच्या मेजवान्यांच्या पत्रिका आमच्याकडे येत. फ्रेंचमध्ये मी ओठ ताणून 'ए' म्हणायला लावतो. स्पॅनिशमध्ये नुसतं सांगतो, बाबांनो, जोर इथे द्या. पोर्तुगीजमध्ये जोर तर द्यायला लावतोच, वर तोंडही जरा मोठं उघडायला लावतो. चेक आणि हंगेरियन लोक मला पाहिलं की स्वर लांबवतात. एकच बाई कुणाची आत्या, कुणाची मावशी, कुणाची मामी असते ना, तशातली गत.

पुढे चंदननगर भारतात आलं. आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? पण आमचं काम आटलं. तीन वर्षं आमचा खण कुणी उघडला नाही. मग घोषबाबूंनी ठरवलं की पडून असलेले खिळे वितळवायचे आणि त्या शिशातून नवे बंगाली खिळे ओतून घ्यायचे. येत्या सोमवारी हातगाडी येणार होती. माझी तर घाबरगुंडी उडाली.

त्याच्या आधीच्या मंगळवारी डमडमहून सुनीतीबाई आल्या. मुलींच्या एका शाळेत त्या फ्रेंच शिकवत. वर्गात चौदा मुली आणि पुस्तक एकही नाही. शाळेने बजावलं होतं, सोमवारी पुस्तक हातात नसेल तर फ्रेंचचा वर्ग बंद. बाईंनी स्वतःच आठ पानांचं पुस्तक लिहिलं होतं. चार छापखान्यांनी टोपीवाली अक्षरं नाहीत म्हणून हात वर केले होते. श्यामराव म्हणाले, करून देतो.

पण एका पानाला आम्ही चाळीस लागणार आणि होतो वीस! वरच्या अर्ध्या पानातच आम्ही संपलो. खाली जिथे जिथे आम्ही हवे होतो, तिथे श्यामरावांनी दुसरेच खिळे उलटे, पाय वर करून उभे केले. छापखान्यांची ही जुनी रीत. तपासायला काढलेल्या कागदावर त्यांचे काळे ठसे उमटले. ते पाहून बाईंचा चेहरा पडला. पान नासलं, आता वर्ग गेलाच, असं त्यांना वाटलं.

श्यामराव हळूच म्हणाले, "बाई, ते डाग नव्हेत. त्या जागा राखून ठेवल्यात."

आणि मग आमची धावपळ सुरू झाली. वरचं अर्धं पान छापायचं, आम्हाला उपटून खाली बसवायचं, तेच कागद पुन्हा यंत्रात घालायचे. शुक्रवारी दाबाखाली माझी टोपी वाकली. श्यामरावांनी मला उजेडात धरून निरखलं. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी मला परत ओळीत बसवलं. माझा ठसा जरा पुसट उमटला, पण उमटला.

शनिवारी दुपारी पन्नास पुस्तकं तयार झाली. बाईंना राहवेना. तिथेच उभं राहून त्यांनी पहिलं पान मोठ्याने वाचलं. घोषबाबू ऐकत राहिले. इतकी वर्षं आम्हाला छापलं त्यांनी, पण आमचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

सोमवारी हातगाडी आली. इतर खणांबरोबर आमचाही खण तिच्यावर चढला. तेवढ्यात घोषबाबू स्वतः बाहेर आले, त्यांनी आमचा खण खाली उतरवला आणि श्यामरावांच्या हातात दिला.

ते म्हणाले, "हा राहू द्या. पुढच्या वर्षीही मुली येतील."

म्हणून सांगतो मित्रांनो, अडगळ काढायला बसलात की प्रत्येक वस्तू एकदा हातात घ्या आणि ती कुणाला लागेल का, ते विचारा. कमी लागते म्हणजे नकोशी झाली असं नसतं. सुनीतीबाईंच्या वर्गात यंदा एकतीस मुली आहेत, आणि नव्या पुस्तकासाठी श्यामरावांनी आजच आमचा खण उघडला आहे.