वरच्याचं पाणी

शंकररावांचा डंपर मागे मागे येत गोदूबाईच्या अंगणाशी थांबला. मुरूम खाली पडणार, एवढ्यात ती हात आडवा करून मध्येच उभी राहिली.

"थांबा जरा. इथं नका टाकू."

"ताई, काल तुम्हीच हो म्हणालात ना?" शंकरराव खिडकीतून डोकावले. "हातभर भरणी करा, पाणी वरच्यांच्या दारात तुंबेल. मग बघा कसे सरळ येतात."

सल्ला शेजारधर्माचाच होता. भाताची खाचरं विकून वसलेली बदलापूरची ही गल्ली उताराची, आणि गोदूबाईचं घर तळाला. पावसाळ्यात सगळ्या गल्लीचं सांडपाणी तिच्या चुलीपर्यंत पाहुणचाराला यायचं. नव्या नगरपालिकेने पक्की गटार आणि रस्ता द्यायची तयारी दाखवली होती. अट एवढीच, की निम्मा खर्च गल्लीने उचलायचा. ज्याची भिंत रस्त्याला जेवढी लांब, तेवढा त्याचा वाटा. सह्या मात्र सगळ्यांच्या हव्यात. सगळ्यांनी केल्याही. वरच्या टोकाचा म्हातारा हरिचंद्र तेवढा अडून बसला होता. 'माझे दारान पानी थांबत नाय, मी कशाला भरू?' एवढंच त्याचं म्हणणं, आणि त्याला समजवायला जाणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

गोदूबाईचा जीव अडकला होता लेकीत. तुळशी पहिलटकरीण. सातव्या महिन्यात तिला माहेरी आणायचं, पण व्याह्यांनी साफ सांगितलं होतं, गटाराचं पाणी शिरतं त्या घरात आम्ही सून धाडणार नाही. त्यांचं तरी काय चुकलं?

मधल्या घराच्या पायरीवर कमळाबाईचा नातू बसून डंपरकडे डोळे फाडून बघत होता. अजून नीट चालताही येत नव्हतं त्याला.

"हरिचंद्रभावजी उंचावर हायेत, तेंना काय व्हनार नाय," गोदूबाई म्हणाली. "पानी शिरंल ते कमळाबाईचे घरान."

"मग तुळशी?"

तिने पदर डोळ्यांना लावला. "तिचं बाळंतपन सासरीच होऊ दे. हा मुरूम वरचे खड्ड्यांत टाका. वाया नको जाया."

खड्डे नेमके हरिचंद्राच्या दारापुढे. भरणीची बातमी लागल्यामुळे तो धोतर खोचून भांडायला बाहेर आला होता. आपल्याच दारातले खड्डे भरताना बघून त्याला भांडण सुरू कुठून करावं ते कळेना. शंकररावांनी त्याला सगळं सांगितलं, वर पदरचे चार शब्दही घातले. म्हातारा आल्या पावली घरात गेला.

सोमवारी नगरपालिकेचे ओव्हरसियर साहेब आले. आज सही नाही तर काम पुढच्या वर्षावर, असं ते सांगत असतानाच हरिचंद्र उतरून आला.

"साहेब, माझी भिंत मोजा. मागची पन धरा."

"आजोबा, मागची रस्त्याला लागत नाही. उगीच वाटा वाढेल तुमचा."

"माझे मोरीचं पानी मागूनच उतरतं." त्याने गोदूबाईकडे न बघता बोट केलं. "खाचरं व्हती तवा माझे बापाचं पानी हिचे सासऱ्यानं खाली घेतलं. म्हनून दर सालाला पाट माझा बाप साफ करून द्यायचा. मी इसरलो."

गोदूबाईला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. ती त्याच्या पायाशी वाकली, तसा तो गडबडून मागे सरला.

"ऊठ गो वयनी. लोकं बघतान."

"साहेब, गटार कवा होईल?" गोदूबाईने विचारलं.

"पावसाच्या आत. माझा शब्द."

तिने डोळे पुसले, पदर सारखा केला.

"भावजी, अजून एक मागते. तुळशीला आनायला माहेरचा बापय मानूस लागतो. तिचा बाप नाय. तुमी याल?"

हरिचंद्राने डोक्यावरची टोपी नीट बसवली. मग खाकरला.

"व्याही विचारतील, यो कोन?"

"चुलता, सांगेन."

"आनि यो चुलता इतके दिस कुठं व्हता, विचारलं त?"

"शेजारीच व्हता," गोदूबाई म्हणाली.