वरून तिसरी पायरी

"काय गं म्हाळसा, त्या पायरीला शिवत नायस? रोजच बघते मी," मागून साळूआत्या म्हणाली.

चितेगावजवळच्या टेकडीवर खंडोबाचं ठाणं. तिथं चढायला नवा लोखंडी जिना झाला होता. म्हाळसाबाई दिवा पदराआड धरून वरून तिसरी पायरी ओलांडून गेली.

"नेम हाय, आत्या."

देवाच्या दारात खोटं बोलली. खरं सांगितलं असतं, तर नवऱ्याचं काम गेलं असतं.

सगळ्यात कमी दर भरला म्हणून जिन्याचा ठेका कारभारी नावाच्या ठेकेदाराला मिळाला होता. म्हाळसाबाईचा नवरा त्रिंबक त्याच्याकडे वेल्डर. शेवटच्या दिवशी वेल्डिंगच्या काड्या संपल्या, तेव्हा कारभारी म्हणाला, "या दरात नव्या काड्या कुठून आणू? दोन टाके मार, वर रंग फास. देव काय उड्या मारतोय व्हय तिथं?"

त्रिंबकने पायरी पुरती न जोडता नुसते दोन टाके मारले. घरी ताटावर बसल्यावर एवढंच बोलला, "वरून तिसऱ्या पायरीवर पाय देऊ नको."

"अन् बाकीच्यांनी?"

तो ताटावरून उठला. भाकरी तशीच राहिली.

म्हाळसाबाईचं बघून एकेक बाई ती पायरी सोडू लागली. साळूआत्याही गुडघा धरून हसायची, "खंडेराया, म्हातारीला कसरत लावली रे." म्हाळसाबाईला वाटलं, देवानेच वाट काढली.

चंपाषष्ठीला आत्याच्या कमरेवर देवाच्या आंघोळीची घागर होती. पाय उचलेना. "आज देव चालवून घेईल," म्हणत तिने तिसऱ्या पायरीवर भार दिला. पायरी एका अंगाने निखळली. खाली दगडांवर पडलेली आत्या दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही.

दुपारच्या आत कारभारीने ती पायरी उचलून नेली. जिन्याला कुणी बोल लावला नाही. नेम मोडला, देव कोपला, एवढंच गाव बोललं.

तेरावं झाल्यावर म्हाळसाबाई आत्याच्या सुनेकडे गेली.

"आवडा, नेम नव्हता गं तो. तिथं नुसते टाके होते. मला ठाऊक व्हतं."

आवडाबाई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"काकू, कशाला सोताला लावून घेता? तुमी तर पायरी सोडायला शिकवलं. आमच्या सासूबाईंनीच ऐकलं नाय."

"अगं, खरंच सांगते..."

"देवाचं हाय ते. बोलू नका."

त्रिंबकने स्वतःच्या पैशाने काड्या आणल्या आणि कारभारीने नेलेली पायरी परत आणून सगळीकडून पक्की जोडली. कारभारीला तोवर एका शाळेच्या जिन्याचं काम मिळालं होतं. तिथंही त्याचाच दर सगळ्यात कमी होता.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. तिसऱ्या पायरीपाशी हात जोडून, पाय उंच उचलून, एकामागून एक पलीकडे गेल्या. म्हाळसाबाई शेवटी होती. तिने दोन्ही पाय त्या पायरीवर ठेवले आणि हातातल्या दिव्याचं तेल संपेपर्यंत तिथंच उभी राहिली.

पायरी हलली नाही.