कादंबरीची गोधडी

हिल्डा ओल्डरॉइडची गोधडी तीस वर्षं पुरी होत नव्हती, आणि त्यावरून गावाने तिची यथेच्छ टिंगल केली होती. चॅपलच्या शिवणमंडळातल्या बायका म्हणायच्या, "हिल्डा, निदान कफन म्हणून तरी उपयोगी पडेल अशा बेताने संपव गं." हिल्डा म्हणायची, "वेळ कुठे मिळतो?" एकटी विधवा बाई, दोन कोंबड्या आणि एक मांजर. तरी म्हणे वेळ नव्हता.

इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या डोंगराकडे गोधडी शिवतात ती अशी. कागदाचा षटकोन कापायचा, त्यावर कापडाचा तुकडा दुमडून कच्चे टाके घालायचे आणि असे षटकोन एकमेकांना जोडत जायचं. सगळे जोडून झाले की टाके उसवून कागद काढायचे आणि मागून अस्तर लावायचं. हिल्डाचे षटकोन कधीच जोडून झाले होते. घोडं अडलं होतं ते कागदांपाशी, कारण ते कागद म्हणजे तिच्या नवऱ्याची कादंबरी होती.

एफ्रम ओल्डरॉइड गावच्या शाळेत मास्तर होता. त्याच्या कविता लंडनमध्ये छापून यायच्या, दोन कादंबऱ्याही आल्या. गावाने त्या अभिमानाने विकत घेतल्या आणि न वाचता फळीवर ठेवल्या. पुस्तक हातात आलं की हस्तलिखित तो दर नोव्हेंबरात गावात पेटवतात त्या होळीत स्वतः नेऊन टाकायचा. म्हणायचा, "छापलंय ना? मग पसारा कशाला?" तिसरी कादंबरी मात्र प्रकाशकांनी साभार परत केली. हिवाळाभर तो घुम्यासारखा बसून राहिला. दिवस लढाईचे, कागद मिळेना, आणि हिल्डा गोधडीसाठी जुनी वर्तमानपत्रं धुंडाळत होती. एका संध्याकाळी त्याने आपणहून कात्री घेतली, पत्र्याचा साचा पहिल्या पानावर ठेवला आणि कापायला लागला. "बघ, शेवटी कुणाच्या तरी अंगावर जाईल," म्हणाला, आणि चक्क शिट्टी वाजवायला लागला. मग रोज तो कापायचा आणि ती शिवायची. संसारातले ते सगळ्यात सुखाचे दिवस. त्यानंतर लवकरच तो छातीच्या दुखण्याने गेला.

आता त्याचं अक्षर जगात उरलं होतं ते एवढंच. कागद काढले की एफ्रम दुसऱ्यांदा जाणार, असं हिल्डाला वाटायचं. हे कुणाला सांगणार? म्हणून वेळ नव्हता.

आणि आता नात गिलियनचं लग्न जूनमध्ये ठरलं. "आजी, मला टोस्टर नको, चमच्यांचा संच नको," ती म्हणाली. "तुझी ती गोधडी दे. पण पांघरता येईल अशी हं, कागदांनी कुरकुरणारी नको." हिल्डा हो म्हणून बसली.

त्याच सुमारास डॉक्टर लँब्टन चहाला आला. हा औषधाचा डॉक्टर नव्हे, विद्यापीठातला. एफ्रमचं चरित्र लिहीत होता, आणि तिसऱ्या कादंबरीच्या हस्तलिखितासाठी त्याने प्रकाशकांची तळघरं पालथी घातली होती. गिलियनच्या तोंडात तीळ भिजत नाही. "एवढंच ना? ते तर आजीच्या गोधडीत आहे की." काखेत कळसा आणि गावाला वळसा. डॉक्टरच्या हातातला केक हातातच राहिला.

"मिसेस ओल्डरॉइड, एकही टाका उसवू नका," तो काकुळतीला आला. "आम्ही ती काचेच्या पेटीत ठेवू. आहे तशी, कायमची."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. कागद कधीच काढायला नकोत, आणि तेही विद्यापीठाच्या हुकुमाने. हिल्डाला एकदम हलकं वाटलं. गिलियनचा चेहरा पडला, पण पोरगी समजूतदार. "बरं आजी, टोस्टर दे. पण चांगला दे."

हिल्डाने गोधडी आणली. डॉक्टरने हात धुतले आणि ती टेबलावर उलटी पसरली. भिंग लावून तो एकेक षटकोन वाचू लागला. एकावर अर्धा पाऊस, शेजारच्यावर बिशपचं नाक. हिल्डाने पुन्हा चहा टाकला. आता तो गोधडी उलटेल, मग उलटेल म्हणून वाट पाहिली. त्याने काही उलटली नाही.

"अप्रतिम," तो म्हणाला. "हीच बाजू वर ठेवू."

"आणि दुसरी?"

"ती खाली जाईल. तिचं तसं काही महत्त्व नाही."

हिल्डाला राग आला. आधी डॉक्टरचा, आणि लगेच स्वतःचा. आपण तरी तीस वर्षं दुसरं काय केलं? ट्रंकेतून काढायची, उलटीच उघडायची, अक्षरांवरून बोट फिरवायचं आणि घडी घालायची. सुलटी बाजू शेवटची कधी पाहिली, तेही तिला आठवेना. तिने गोधडी ओढून घेतली, उलटून पसरली आणि मान वाकडी करून पाहत राहिली. मग शिवणाच्या डब्यातून कात्री काढली.

"अहो, थांबा," डॉक्टर पांढरा पडला.

"डॉक्टर, कादंबरी तुमची, गोधडी हिची. बसा मदतीला. ओढायचं नाही, आधी टाका कापायचा."

पहिला कागद निघाला. हिल्डाला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं, आणि ती थोडी रडलीही. गिलियनने भांडी पुसायचं फडकं पुढे केलं. पण कागद गेला तरी कापड जागचं हललं नाही. इतकी वर्षं दुमडून राहिलेल्या कडा तशाच होत्या, षटकोनाचा षटकोन. हिल्डाने त्यावर अंगठा दाबून पाहिला आणि दुसरा टाका कापला.

संध्याकाळपर्यंत काढलेल्या कागदांनी बिस्किटांचा डबा भरत आला.

"कशी आहे हो कादंबरी?" तिने विचारलं.

डॉक्टर घुटमळला. "खरं सांगू? प्रकाशकांचं फारसं चुकलं नव्हतं."

हिल्डा खुर्चीत मागे रेलून पोट धरून हसली. "त्याला ठाऊक होतं ते. मलाच कुणी सांगितलं नाही."

डॉक्टरही हसला. हातातल्या तुकड्यातून कागद काढून झाला होता, पण तो तुकडा त्याने हातातून सोडला नाही. "हे निळं कशाचं?"

आजवर एफ्रमची चौकशी करायला कितीतरी माणसं आली होती, पण हे कुणी विचारलं नव्हतं. "त्याचा शाळेत जायचा सदरा. कोपर फाटेपर्यंत घातला. हा पिवळा गिलियनच्या आईचा फ्रॉक, पहिल्यांदा चालली त्या दिवशीचा. तो त्याने तिला समुद्रावर नेऊन भिजवला होता, आणि मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते."

डॉक्टरने खिशातून पेन्सिल काढली. "हे लिहून घेऊ का?"

"घ्या की," हिल्डा म्हणाली. "त्याचं चरित्रच लिहिताय ना?"