अधिकृत सासूबाई

वाचनयंत्राने मान टाकली ती नेमकी शेवटच्या प्रकरणाच्या तोंडावर. पडदा काळा ठिक्कर. मी नवं यंत्र आणलं, तर ते म्हणे, पुस्तक तुमचंच आहे, पण हे उपकरण अधिकृत नाही. म्हणजे घर आपलं आणि किल्ली शेजाऱ्याकडे!

माझं एकट्याचं अडलं असतं तर दोन शिव्या हासडून गप्प बसलो असतो. पण सासूबाईंची नजर गेल्यापासून रोज संध्याकाळी मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. कादंबरीतल्या दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी रागारागाने होडीतून निघून गेलेली. ती परत येते की नाही, या काळजीने सासूबाईंना जेवण गोड लागत नव्हतं.

कंपनीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"सर, तुमची पाच उपकरणं भरलीत," मदतकेंद्रातली बाई म्हणाली. "एक काढा, मग नवं बसेल."

"ते काळं पडलेलं काढा की."

"ते त्याच्याच पडद्यावरचं बटण दाबून काढावं लागतं."

"अहो बाई, पडदाच मेलाय!"

"मग नाही निघणार, सर."

ऑफिसचा संगणक भंगारात गेलेला, बायकोचा जुना फोन बादलीत बुडालेला. त्यांचंही तेच. मेलेल्यांनी जागा अडवून ठेवलेल्या.

"चौथं उपकरण सासूबाई, पाचवं आपण स्वतः," बाई म्हणाली.

"सासूबाई?"

"त्यांना वाचून दाखवता ना? मजकूर त्यांच्यात उतरतो, सर."

माणूस काढला तर काय होतं, तेही तिने गोड आवाजात सांगितलं. या पुस्तकातलं त्याला पुढे काही कळणार नाही. वाचलं काय, ऐकलं काय, पालथ्या घड्यावर पाणी.

समोरच्या खुर्चीत सासूबाई सगळं ऐकत होत्या. "मला काढा," त्या म्हणाल्या. "मी काय, पिकलं पान." आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. एरवी चहा जरा निवला तरी माझा उद्धार करणारी बाई! मदतकेंद्रातल्या बाईला विचारून मी फोनवरचं बटण दाबलं आणि स्वतःलाच काढून टाकलं.

नवं यंत्र लगेच उजळलं. मी वाचायला बसलो. अक्षरं दिसत होती, तोंडातून शब्द खणखणीत बाहेर पडत होते, पण अर्थाचा पत्ता नाही. सासूबाई आधी खुर्चीत पुढे सरकल्या, मग त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला.

"आई, आली का हो ती?" प्रकरण संपल्यावर मी विचारलं.

"तुम्हीच तर वाचलंत!"

"मला कुठे काय कळलंय?"

त्यांनी सांगितलं. मग कानाशी येऊन परत सांगितलं. आवाज येत होता, डोक्यात काही शिरत नव्हतं. एवढी पानं घसा कोरडा करून वाचली ती मी, आणि शेवट तेवढा मलाच नाही! फार वाईट वाटलं.

मग त्या चाचपडत टेबलाशी गेल्या. पाण्याचा पेला मधोमध ठेवला. आता नुसत्याच पडून असलेल्या चष्म्याचं घर टेबलाच्या कडेला ठेवलं आणि एका बोटाने ते हळूहळू पेल्याकडे ढकलू लागल्या. अर्ध्यावर थांबल्या. मी खुर्चीच्या कडेला आलो. त्यांनी पुन्हा ढकललं. घर पेल्याला टेकलं आणि पाणी हललं.

"आली!" मी ओरडलो आणि भडभडून रडलो.

"हळू बोला, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "कंपनीला कळलं तर टेबलसुद्धा मोजतील."